तीन की आठ

ब्रेतान्यच्या किनाऱ्यावर, केरवेलेन गावात,
रोझेन दरवर्षी भरती-ओहोटीचं पुस्तक जुळवते.
कोटाच्या खिशात मावेल एवढं.
बारा महिने, चोवीस पानं
आणि मुंग्यांच्या रांगेसारखे आकडे.

यंदा तिला वाटलं, जरा देखणं करूया.
महिन्यांच्या नावांना जाड, कोरीव टंक,
प्रत्येक अक्षराच्या पायांत वहाणा,
जणू चर्चच्या दगडी कमानीवरून आत्ताच उतरून आलंय.
आकड्यांना दुसरा, नाजूक:
नऊची शेपटी ओळीखाली सोडलेली,
आठची उजवी कूस भरलेली
आणि डावीला केसाएवढी एक रेघ.
पडद्यावर तिने तो आठ हातभर मोठा करून पाहिला
आणि स्वतःशीच म्हणाली, काय वळण आहे!

मोत्यासारखे आकडे, असं लोकही म्हणाले.
पिढ्यान्‌पिढ्या कालवं वेचणाऱ्या त्या गावात
मोती मात्र अजून कुणाला सापडलेला नाही.

मार्चमधल्या मोठ्या ओहोटीच्या आठवड्यात
सोआझिग दारात उभी राहिली.
मांड्यांपर्यंत बूट, बाह्यांतून पाणी निथळतंय.
आवाज चढवला नाही तिने.
फुगलेलं पुस्तक टेबलावर ठेवलं
आणि एका ओळीवर अंगठा टेकवला:
"हे तीन की आठ?"

"आठ," रोझेन म्हणाली.

"दिवा घालव.
ही टॉर्च दातांत धर. हात बादलीत बुडव.
आता वाच."

डावी रेघ कागदात विरून गेली होती.
उरला होता तीन, स्वच्छ, ठाम,
खोटं बोलतोय हे ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही.

"पाणी तीनपर्यंत उतरेल असं धरून
मी लांबच्या खडकाकडे निघाले.
भाचा होता सोबत. मालो. नऊ वर्षांचा."
मग थोडं थांबून,
"आहे. घरी आहे. झोपलाय."

त्या रात्रीपासून रोझेनच्या पडवीत बादली.
ती टंक छापते, पाण्यात बुडवते,
दोरीवर लावते, अंधारात वाचते.
सोआझिग परीक्षक, ओठांत विझलेली सिगारेट:
हा सहा तोंड मिटून बसलाय. नको.
हा एक आहे की सात?
हा पाच बरा, पण फार हसतो.

शेवटी सापडला एक साधासुधा,
मैलाच्या दगडावर असावा तसा.
तिनाचं तोंड सताड उघडं,
आठ दोन्हीकडून सारखा जाड,
सगळ्यांची रुंदी एक, रांगेत खांद्याला खांदा.

पण त्याच्या डोक्यावर ते कोरीव "मार्च" ठेवलं
की दोघांत छत्तीसचा आकडा.
रोझेनने मग शीर्षकालाही साध्याचाच भाऊ आणला,
किंचित वेगळा. ते तर आणखी वाईट:
जवळजवळ सारखे दोघं, पाहणाऱ्याला वाटावं
छापताना कुणाची तरी चूक झालीय.

"ते जुनंच राहू दे की," सोआझिग म्हणाली.
"महिना मी घरी वाचते, स्वयंपाकघरात,
चष्मा लावून, कॉफी पीत.
आकडे तेवढे पाण्यात वाचते."

रोझेन बराच वेळ गप्प होती.
इतकी वर्षं ती टंकाला टंक जुळवत आली,
रेघेला रेघ, उंचीला उंची.
कुठल्या उजेडात वाचणार,
हे कुणाला विचारलंच नव्हतं.
मग तिने कोरीव नाव थोडं लहान केलं,
खाली बोटभर कोरी जागा सोडली,
आणि दोघं नांदू लागले.

एप्रिलमध्ये नवं पुस्तक निघालं.
ती दारोदार फिरली, जुनी मागून घेतली.
कुणी चहा दिला, कुणी विचारलं,
चांगली तर होती, काय बिघडलं?

अडीचशे छापली होती.
दोनशे एकतीस परत आली.
एकोणीस अजून आहेत कुणाच्या तरी कोटांत,
सुकलेली, सुंदर.
ओहोटीची वेळ झाली की रोझेन
खिडकीशी येऊन उभी राहते
आणि वाळूवरच्या टॉर्च मोजते.